ओव्हरटाइमचे पैसे दुप्पट, पण नेमके कशाच्या दुप्पट?

पूर्वभागकर
रविवार, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी. माझा धाकटा भाऊ सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतील एका टॉवेल कारखान्यात पॅकिंग विभागात कामाला आहे. त्याचा पगार तासावर आहे. तासाला ७० रुपये, दिवसाचे आठ तास, रविवारी सुट्टी. याखेरीज महागाई भत्ता म्हणून महिन्याला २,०८० रुपये आणि घरभाडे भत्ता म्हणून ८३२ रुपये मिळतात. निर्यातीची ऑर्डर असली की संध्याकाळी पाच वाजता सुटणारी पाळी सातपर्यंत लांबते आणि त्याबद्दल कोणाची तक्रारही नसते, कारण घरखर्चाला तेवढाच हातभार लागतो. प्रश्न त्या तासांच्या पैशांचा आहे.

जानेवारीच्या पगारपत्रकात त्याचे ३१ तास ‘ओटी’ (ओव्हरटाइम) म्हणून दाखवले आहेत आणि त्यापुढे २,१७० रुपये लिहिले आहेत. म्हणजे ३१ गुणिले ७०, सरळ एकेरी दर. भावाने विचारले तेव्हा कार्यालयातून सांगण्यात आले की दुप्पट दर मोठ्या कंपन्यांना असतो, आपल्याकडे तासाला तास. मी एका पतसंस्थेत हिशेब लिहितो, त्यामुळे आकडे मांडता येतात, पण कामगार कायद्यातले कलम कोणते कुठे लागू होते याची मला खात्री नाही, म्हणून हा धागा काढत आहे.

दुसरी गोष्ट मला अधिक खटकली. जानेवारीतच सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेच्या आठवड्यात बुधवारी त्याने खाडा केला होता. त्या आठवड्याचे हजेरी कार्ड माझ्यासमोर आहे, ते जसेच्या तसे लिहितो. सोमवारी १० तास, मंगळवारी १० तास, बुधवारी रेघ, गुरुवारी ८, शुक्रवारी १० आणि शनिवारी ९. बेरीज ४७. कार्डाच्या खाली लाल शाईने ‘४८ भरले नाहीत, ओटी नाही’ असा शेरा आहे. ४७ तासांचे साधे पैसे दिले आणि त्यांतला एकही तास त्या ३१ तासांत धरलेला नाही. ज्या दिवशी माणूस दहा तास उभा राहून टॉवेलच्या घड्या घालतो, त्या दिवसाचे जादा काम दुसऱ्या दिवशीच्या खाड्याने पुसले जाते का?

आमचे वडील गिरणीत होते. पाळीचा भोंगा झाल्यावर खात्यात थांबायचे असेल तर त्या तासाला कोणता दर लागेल हे तेव्हाच्या साध्या कामगारालाही तोंडपाठ असे, असे ते सांगत. १८७७ साली जुनी गिरणी सुरू झाली तेव्हापासून हे शहर पाळीवर आणि तासावर जगत आले आहे, आणि तरीही माझ्या भावाला आपल्या एका तासाची किंमत माहीत नाही, याचे मला खरोखर वाईट वाटते. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.


हिशेबवही
रविवार, रात्री १०.२५

पूर्वभागकर, मी गेली अनेक वर्षे चिंचोळीतील कारखान्यांची पगारपत्रके तयार करण्याचे काम करतो, म्हणून क्रमाने लिहितो.

‘तासाला तास’ हे उत्तर चुकीचे आहे. कारखाने अधिनियम १९४८ च्या ५९ व्या कलमात दिवसाला नऊ तासांपेक्षा किंवा आठवड्याला ४८ तासांपेक्षा जास्त झालेल्या कामासाठी सामान्य वेतनदराच्या दुप्पट दर सांगितला होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून जुने कामगार कायदे एकत्र करणाऱ्या चारही कामगार संहिता अमलात आल्या आणि तो जुना अधिनियम त्यांत विलीन झाला, तरी दुप्पट हे प्रमाण कायम राहिले आहे. वेतन संहिता २०१९ च्या १४ व्या कलमात आणि व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता २०२० च्या २७ व्या कलमात, दोन्हीकडे दुप्पटच आहे. कंपनी मोठी की छोटी यावर दराचे प्रमाण ठरत नाही.

आता तुमच्या शीर्षकातला प्रश्न, जो खरा प्रश्न आहे. दुप्पट या शब्दावर कारखान्यांत सहसा वाद होत नाही. वाद होतो तो दुप्पट करायच्या आकड्यावर, आणि पैसे तिथेच गळतात. जुन्या ५९ व्या कलमात ‘सामान्य वेतनदर’ म्हणजे मूळ वेतन आणि कामगाराला त्या वेळी ज्यांचा हक्क आहे असे भत्ते, असे लिहिले होते, आणि त्यातून बोनस व ओव्हरटाइमचे पैसे वगळले होते. त्यामुळे नुसते मूळ वेतन धरून दुप्पट करणे हे तेव्हाही चूक होते. नव्या वेतन संहितेत ‘वेतन’ या शब्दाची व्याख्या वेगळी आहे. त्यात मूळ वेतन, महागाई भत्ता आणि धारण भत्ता (काम बंद असलेल्या काळात कामगार टिकवून ठेवण्यासाठी दिलेला भत्ता) येतात. घरभाडे भत्ता, प्रवास भत्ता, बोनस, भविष्यनिर्वाह निधीतील मालकाचा हिस्सा हे बाहेर राहतात. मात्र बाहेर ठेवलेल्या रकमांची बेरीज एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाली, तर जास्तीचा भाग पुन्हा वेतनात धरावा लागतो.

तुमच्या भावाचा हिशेब मांडतो. महिन्याचे २६ कामाचे दिवस आणि दिवसाचे आठ तास म्हणजे २०८ तास. महागाई भत्ता २,०८० रुपये, त्याला २०८ ने भागले की तासाला १० रुपये. ७० आणि १० मिळून ८० रुपये. त्याच्या एका साध्या तासाची किंमत ७० रुपये नसून ८० रुपये आहे, हे प्रथम त्याला सांगा. दुप्पट १६०. ३१ तासांचे ४,९६० रुपये होतात, मिळाले २,१७०. म्हणजे २,७९० रुपये कमी मिळाले.

घरभाडे भत्ता ८३२ रुपये, तोही २०८ ने भागला तर बरोबर चार रुपये. २१ नोव्हेंबर २०२५ च्या आधीच्या तासांसाठी तो धरून दर ८४ आणि दुप्पट १६८ होतो. त्यानंतरच्या तासांसाठी, वर सांगितलेली निम्म्याची मर्यादा ओलांडली जात नसल्यामुळे, तो बाजूला राहतो. दोन्ही काळांचे तास एकाच रकान्यात लिहू नका, नाहीतर समोरचा माणूस त्या एका चुकीवर बोट ठेवून सगळाच कागद परत करील.

एक इशारा देतो. काही ठिकाणी महिन्याच्या पगाराला २६ ऐवजी ३० ने भागतात. तुमच्या भावाचे मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून १६,६४० रुपये होतात. ३० आणि ८ ने भागले तर तास ६९ रुपये ३३ पैशांवर येतो, २६ आणि ८ ने भागले तर ८० रुपयांवर. भाजक बदलला की एका तासामागे १० रुपये ६७ पैसे जातात आणि दुप्पट केल्यावर २१ रुपयांहून अधिक. साप्ताहिक सुट्टीच्या दिवसांनी भागून कामाच्या तासाचा दर काढण्यात काही अर्थ नाही. राज्याच्या किमान वेतनाच्या अधिसूचनांतही रोजचा दर महिन्याला २६ ने भागूनच काढतात.


चिंचोळी रोड
सोमवार, सकाळी ७.४०

मी रात्रपाळीला आहे. रात्री आठ ते पहाटे चार अशी माझी पाळी आहे, पण पुढच्या पाळीचा माणूस आला नाही तर सकाळी आठपर्यंत थांबावे लागते. आमचे मुकादम म्हणतात की रात्री बाराला तारीख बदलते, म्हणून आधीच्या तारखेला चार तास आणि नंतरच्या तारखेला आठ तास झाले, दोन्हीकडे मर्यादा ओलांडली नाही. हे बरोबर आहे का?


हिशेबवही
सोमवार, सकाळी ८.१५

अजिबात बरोबर नाही. मध्यरात्र ओलांडणाऱ्या पाळीबद्दल कारखाने अधिनियमाच्या ५७ व्या कलमात स्पष्ट होते की मध्यरात्रीनंतर केलेले तास आधीच्या दिवसात मोजायचे, आणि त्या कामगाराचा पुढचा दिवस पाळी संपल्यापासून चोवीस तासांचा धरायचा. म्हणजे तुमचे रात्री आठ ते सकाळी आठ हे सलग एकाच दिवसाचे काम आहे. मधला अर्धा तास जेवणाची खरी सुट्टी मिळत असेल, म्हणजे त्या वेळी यंत्र सोडून जाता येत असेल, तर तो वजा होईल. यंत्रापाशी डबा उघडून एक डोळा बॉबिनवर ठेवून जेवत असाल, तर ती सुट्टी नव्हे.

आणि मिनिटांचेही लक्ष असू द्या. ‘तास किंवा तासाचा भाग’ असे शब्द कायद्यात आहेत. सहा वाजून चाळीस मिनिटांनी सुटलेल्या माणसाच्या कार्डावर सहा लिहिणे ही आपल्याकडे फार रुळलेली सवय आहे. रोजची ती चाळीस मिनिटे २६ दिवसांत १७ तासांच्या वर जातात.


दत्त चौक
सोमवार, दुपारी १.३०

मी कामगारांच्या दाव्यांचे कागद तयार करून देण्याचे काम बरीच वर्षे केले, आता वयामुळे थांबलो आहे. खाड्याच्या आठवड्याबद्दल लिहितो, कारण हिशेबवही यांनी तो भाग सोडला आहे आणि माझ्या मते या धाग्यातील सर्वांत महत्त्वाचा भाग तोच आहे.

‘४८ भरले नाहीत, ओटी नाही’ हा शेरा ज्याने लिहिला, त्याने कलमातील ‘किंवा’ हा शब्द वाचलेला नाही. जुन्या कायद्यात दिवसाला नऊपेक्षा जास्त किंवा आठवड्याला ४८ पेक्षा जास्त, अशा दोन स्वतंत्र कसोट्या होत्या. आठवड्याची कसोटी लागली नाही म्हणून दिवसाची कसोटी नाहीशी होत नाही. सोमवार, मंगळवार आणि शुक्रवार या तिन्ही दिवशी दहावा तास झाला आहे. म्हणजे अगदी जुन्या मापाने मोजले तरी त्या आठवड्यात तीन तास दुप्पट दराचे आहेत, आणि याबद्दल कोणी वाद घालू शकत नाही.

नव्या व्यावसायिक सुरक्षा संहितेच्या २५ व्या कलमात दिवसाचे आठ तास सांगितले आहेत, आणि २७ व्या कलमात असे म्हटले आहे की ओव्हरटाइम दिवसावर मोजायचा की आठवड्यावर, यांपैकी कामगाराला जे अधिक लाभाचे असेल ते धरायचे. दिवसावर आठच्या पुढचे तास मोजले तर सोमवारचे दोन, मंगळवारचे दोन, शुक्रवारचे दोन आणि शनिवारचा एक, असे सात तास होतात. पूर्वभागकर, तुम्ही कागदावर दोन रकाने करा. पहिल्या रकान्यात निर्विवाद तीन तास आणि दुसऱ्यात संहितेप्रमाणे येणारे आणखी चार. पहिला रकाना लगेच मागायचा, दुसरा नोंदवून ठेवायचा. सगळे एकत्र मागितले की चर्चा त्या चार तासांवर अडते आणि जे हक्काचे आहे तेही महिनोन् महिने लांबते, असे मी पुष्कळदा पाहिले आहे.

या सात तासांचे साधे ७० रुपये आधीच मिळालेले आहेत, म्हणून फरक तासाला ९० रुपयांचा आहे. तीन तासांचे २७०, उरलेल्या चार तासांचे ३६०.

त्याच २७ व्या कलमात ओव्हरटाइमला कामगाराची संमती लागते असेही आहे. भावाची संमती होतीच, त्यामुळे इथे त्याचा प्रश्न नाही. पण ज्यांच्या घरी लहान मूल किंवा आजारी माणूस आहे आणि ज्यांना फाटकातून अडवून थांबवले जाते, त्यांनी हे वाक्य लक्षात ठेवावे.


शिलाई विभाग
सोमवार, रात्री ९.५०

मी टॉवेलच्या शिलाई विभागात आहे. आम्हां बायकांना तासाचा दर नाही, नगावर पैसे आहेत. घाई असली की आम्हीही सातपर्यंत बसतो. ‘तुम्ही जेवढे नग शिवाल तेवढे पैसे घेताच, मग ओव्हरटाइम कसला’ असे आम्हांला सांगितले जाते, आणि आजवर ते आम्हांला पटत आले, कारण वरवर पाहता ते न्याय्य वाटते. काकांनी किंवा दादांनी याबद्दल सांगावे.


दत्त चौक
सोमवार, रात्री १०.३०

ताई, ते वरवरच न्याय्य वाटते. कायद्याने दुप्पट दर कशासाठी ठेवला, याचा विचार करा. पहिल्या आठ तासांनंतरचा तास शरीराला जड जातो आणि तो घरच्या वेळेतून काढलेला असतो. नगावर पैसे घेणाऱ्या बाईचे शरीर आणि घर काही वेगळे नसते. उलट सहाच्या पुढे डोळे आणि कंबर थकलेली असल्यामुळे नगही कमी होतात, म्हणजे त्या तासाला तुम्हांला सकाळच्या तासापेक्षा कमीच मिळते.

जुन्या ५९ व्या कलमातच नगावर काम करणाऱ्यांची रीत दिली होती, आणि ती मोजायला सोपी आहे. ज्या महिन्यात ओव्हरटाइम झाला त्याच्या आधीच्या महिन्यात, त्याच कामावर तुम्ही जेवढे दिवस प्रत्यक्ष काम केले, त्या दिवसांच्या कमाईची रोजची सरासरी काढायची. त्या कमाईतून ओव्हरटाइमचे पैसे वगळायचे. ती सरासरी म्हणजे तुमचा रोजाचा दर.

समजा डिसेंबरात तुम्ही २४ दिवस काम केले आणि नगांचे ११,५२० रुपये झाले. रोजचे ४८० रुपये, आठ तासांनी भागले की तासाला ६० रुपये. जानेवारीतला जादा तास १२० रुपयांचा. त्या तासात शिवलेल्या नगांचे समजा ५० रुपये तुम्हांला दिले असतील, तर अजून ७० रुपये येणे आहेत. म्हणून सहानंतरचे नग वेगळे मोजून वहीत लिहीत जा, आणि शक्य असेल तर ज्या कापडाचे ते नग आहेत त्याचा प्रकारही लिहा, कारण ‘त्याच कामावर’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. हात पुसण्याचा टॉवेल आणि मोठा बाथ टॉवेल यांचा नग सारखा नसतो.


कुंभारीहून
मंगळवार, सकाळी ६.५५

माझी आई घरी विड्या वळते. तिला हे लागू होईल का?


दत्त चौक
मंगळवार, सकाळी ९.००

दुर्दैवाने तासांचा हा हिशेब घरी वळलेल्या विडीला लागत नाही. विडी व सिगार कामगार अधिनियम १९६६ मध्ये कामाचे तास आणि दुप्पट दर होते, पण ते कारखान्याच्या जागेतील कामासाठी होते आणि राहते घर त्या जागेच्या व्याख्येत येत नव्हते. आईंच्या बाबतीत हजार विड्यांचा ठरलेला दर पूर्ण मिळतो का, आणि छाटीच्या नावाखाली किती विड्या बाजूला काढल्या जातात, हे पाहावे लागेल. तो स्वतंत्र आणि मोठा विषय आहे. आपण वेगळा धागा काढलात तर मी अवश्य लिहीन.


लूमशेड
मंगळवार, दुपारी ३.२०

मी मालकाच्या बाजूने लिहितो आहे, आणि ते मोकळेपणाने सांगतो. माझी आठ मागांची शेड आहे, सहा माणसे काम करतात. सूत उधारीवर घ्यायचे, माल गेल्यावर पैसे यायला तीन महिने लागायचे, आणि मध्येच व्यापाऱ्याने चार दिवस आधी माल मागितला की रात्रभर माग चालवायचे, अशी आमची रीत आहे. दुप्पट दर द्यायचा म्हटले तर त्या ऑर्डरीत माझ्या हाती काही उरत नाही. माझ्या समजुतीप्रमाणे छोट्या शेडला कारखान्याचा कायदा लागत नाही. शिवाय माझ्या मुलाने संगणकावर पगाराचा तक्ता उतरवून घेतला आहे, त्यात ४० तासांच्या पुढे दीडपट दर आपोआप येतो. मी तो दीडपट देतो आणि आजवर मला वाटत होते की मी कायद्यापेक्षाही जास्त देतो आहे.


हिशेबवही
मंगळवार, रात्री ८.०५

लूमशेड साहेब, आपण मोकळेपणाने लिहिलेत, म्हणून तितक्याच आदराने उत्तर देतो.

तुमच्या मुलाने उतरवलेला तक्ता अमेरिकेचा आहे. आठवड्याला ४० तासांच्या पुढे दीडपट ही तिथल्या १९३८ च्या कायद्याची रीत आहे. दीडपट हा आकडा आपल्या इथे नाही. जगात सगळीकडे एकच प्रमाण नाही, हे खरे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९१९ च्या पहिल्या करारात तर किमान सव्वापट म्हटले होते, आणि भारताने तो करार १९२१ साली मान्य केला. आपल्या १९४८ च्या कायद्याने त्याच्या पुढे जाऊन दुप्पट ठेवले. तो तक्ता वापरायचाच असेल तर ४० च्या जागी ४८ आणि दीडच्या जागी दोन घाला, आणि रोजच्या तासांचा रकाना वेगळा जोडा, कारण त्या तक्त्यात रोजची मर्यादाच नसते.

छोट्या शेडबद्दल आपण म्हणता ते अर्धे बरोबर आहे. २०२० च्या संहितेत विजेवर चालणारा कारखाना म्हणजे २० किंवा अधिक कामगार, ही मर्यादा आहे, त्यामुळे सहा माणसांची शेड त्या व्याख्येत येत नाही. पण वेतन संहितेला अशी माणसांची मर्यादा नाही. ज्या कामाला किमान वेतन ठरलेले आहे त्या कामावर नेहमीच्या दिवसापेक्षा जास्त तास झाले की १४ वे कलम लागते, आणि यंत्रमाग हा किमान वेतन ठरलेला उद्योग आहे.

किमान वेतनातला विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी, १ जानेवारी आणि १ जुलैपासून बदलतो, हेही आपण दोघांनी, म्हणजे मालकाने आणि हिशेबनिसाने, लक्षात ठेवायला हवे. कितीतरी ठिकाणी पगार नव्या भत्त्याने होतो आणि ओव्हरटाइमचा दर मात्र मागच्या वर्षीचा भिंतीवर चिकटवलेला तसाच राहतो. त्यात कोणाची लबाडी असतेच असे नाही. कागद बदलायचा राहून जातो. पण कामगाराच्या खिशातून पैसे जातातच.


लूमशेड
मंगळवार, रात्री ९.३०

समजले. जादा तासांऐवजी शनिवारी अर्धा दिवस सुट्टी दिली तर चालेल का? माझी माणसे त्याला तयार होतील.


दत्त चौक
मंगळवार, रात्री १०.१५

पैशांच्या बदल्यात सुट्टी, अशी सोय ओव्हरटाइमच्या कलमात नाही. बदली सुट्टी आहे ती साप्ताहिक सुट्टी हुकल्याबद्दलची आहे, आणि ती मिळाली म्हणून दुप्पट पैशांचा हक्क जात नाही. शनिवारचे काम आधीच कमी ठेवून आठवडा नीट आखता येतो, पण झालेला तास झालेला असतो.

आपल्याला एक सुचवतो, कारण आपल्या प्रश्नावरून आपली नियत चांगली आहे हे दिसते. ऑर्डर घेतानाच व्यापाऱ्याला दोन भाव सांगा, नेहमीच्या मुदतीचा एक आणि घाईचा दुसरा. घाई व्यापाऱ्याची असते. तिचा खर्च मागावर उभ्या असलेल्या माणसाने सोसावा, हे बरोबर नाही.


चिंचोळी रोड
बुधवार, सकाळी ८.३०

मी ठेकेदाराकडून आहे. कंपनी म्हणते ठेकेदाराकडे जा, ठेकेदार म्हणतो कंपनीने बिल मंजूर केले नाही. शिवाय ओव्हरटाइमच्या पैशांतून भविष्यनिर्वाह निधी कापला आहे असे ठेकेदार सांगतो. हे तरी खरे आहे का?


हिशेबवही
बुधवार, सकाळी ९.१०

ओव्हरटाइमच्या रकमेवर भविष्यनिर्वाह निधीची कपात होत नाही, जुन्या व्याख्येतही नव्हती आणि नव्याही नाही. कापले असेल तर तुमच्या खात्यात ती रक्कम जमा झाली का, हे भविष्यनिर्वाह निधीच्या पासबुकात पाहा. ठेकेदाराने वेतन थकवले तर ते देण्याची जबाबदारी शेवटी मुख्य मालकावर, म्हणजे कंपनीवर येते, आणि वेतनात ओव्हरटाइमही आला. कंपनीच्या फाटकावर तुमची ये-जा नोंदली जाते, ती नोंद तुमच्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा आहे. ठेकेदाराच्या वहीत काय लिहिले आहे त्यापेक्षा फाटकावरची वेळ अधिक बोलते.


दत्त चौक
बुधवार, दुपारी १२.४५

दाव्याच्या मुदतीबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून थोडक्यात लिहितो. जुन्या वेतन प्रदान अधिनियमात बारा महिन्यांच्या आत अर्ज करावा लागे. वेतन संहितेत ही मुदत तीन वर्षांची आहे. थकलेल्या रकमेबरोबर तिच्या दहापटींपर्यंत भरपाई देण्याचा अधिकारही प्राधिकाऱ्याला आहे. आणि पैसे दिले हे सिद्ध करण्याचा भार मालकावर आहे. एवढे असले तरी पहिल्याच दिवशी कामगार आयुक्त कार्यालयात जाऊ नका. आधी लेखी अर्ज द्या, त्याची पोच घ्या, आणि अर्जात रागाचा एकही शब्द लिहू नका, फक्त तारीख, तास, दर आणि फरक. ज्याला उद्या पुन्हा त्याच खात्यात उभे राहायचे आहे, त्याच्या दृष्टीने हे फार महत्त्वाचे आहे. वेतनाची पावती मिळणे हाही हक्क आहे. ती मिळत नसेल तर पहिला अर्ज पावतीसाठी करा.


पूर्वभागकर
पुढच्या आठवड्यातील शनिवार, रात्री ८.४०

सर्वांचे मनापासून आभार. काय घडले ते लिहितो.

रविवारी आम्ही दोघे भाऊ बसलो. हजेरी कार्डांची छायाचित्रे काढली आणि दत्त चौक काकांनी सांगितल्याप्रमाणे एका पानावर दोन रकाने केले. तक्ता मी लिहिला, पण प्रत्येक दिवसाची वजाबाकी भावानेच केली, कारण उद्या कार्यालयात बोलायचे त्यालाच होते. मूळ दर ७०, महागाई भत्त्याचे १०, म्हणून ८०, असे त्याने स्वतः तीनदा म्हणून पाहिले.

बुधवारी त्याने अर्ज दिला आणि पोच घेतली. गुरुवारी हिशेब लिहिणाऱ्या गृहस्थांनी त्याला बोलावले. त्यांनी लाल शाईचा शेरा स्वतःच्या हाताने लिहिला होता, हे त्यांनी मान्य केले. त्यांना आधीच्या हिशेबनिसाने जे शिकवले तेच ते लिहीत आले होते. भावाने कागद समोर ठेवला आणि सोमवारचा दहावा तास कोणत्या रकान्यात जातो एवढेच विचारले. त्यांनी गणकयंत्र घेतले, पुन्हा सगळे मोजले, आणि मालकांकडे आत गेले.

३१ तासांचा फरक २,७९० रुपये आणि यात्रेच्या आठवड्यातील तीन तासांचे २७० रुपये, असे ३,०६० रुपये फेब्रुवारीच्या पगारात देण्याचे त्यांनी अर्जावरच लिहून दिले आहे. चार तासांचे ३६० रुपये त्यांच्या सल्लागारांना विचारून कळवणार आहेत. ती मागणी आम्ही मागे घेतलेली नाही. नोव्हेंबरच्या आधीच्या महिन्यांची कार्डे भावाकडे पूर्ण नाहीत. ती कार्यालयाच्या वहीतून उतरवून घ्यायला परवानगी मिळाली आहे आणि तो सोमवारपासून जेवणाच्या सुट्टीत ते काम करणार आहे. १६८ रुपयांचा रकाना मी आखून ठेवला आहे.

पॅकिंग विभागातील आणखी नऊ जणांनी आपापली कार्डे भावाकडे आणून दिली आहेत. त्यांतल्या दोघांचा भत्ता वेगळा आहे, म्हणून त्यांचा तासाचा दर पुन्हा काढावा लागेल. हिशेबवही दादा, रविवारी सकाळी आपल्याला वेळ असेल तर ते दोन तक्ते इथेच मांडतो, आपण एकदा नजर टाकावी.


हिशेबवही
शनिवार, रात्री ९.०५

अवश्य मांडा. नावे झाकून टाका, आणि प्रत्येकाच्या भत्त्यापुढे तो कोणत्या तारखेपासून लागू झाला ते लिहा.